पान अकरा

प्रिय मेरेटे,
उशीर झाला, कबूल.
पण एइदुनचं काय जातं!
त्याने पान अकरावर एकच ओळ लिहिली,
'आणि मग वारा आला.'
आणि उठून चहा प्यायला गेला.
मी सोळा दिवस त्या पूर्णविरामापाशी बसून आहे.

तुम्ही विचारलंत, अडलंय कुठे.
सांगते, पण जरा लांबून यावं लागेल.

माझी आई क्लाक्सविकच्या कारखान्यात
कॉड माशांचे काटे काढायची.
सुरी पातळ, लवणारी,
धार लावून लावून निम्मी उरलेली.
'जोर लावायचा नाही,' ती म्हणायची,
'काट्याला विचारत विचारत जायचं.
तो म्हणेल तिथे वळायचं.'
शाळा सुटली की मी तिथेच, खोक्यांच्या ढिगावर.
मेणाच्या पुठ्ठ्यावर पेन्सिल उमटत नसे,
म्हणून खिळ्याने ओरखडायचं
आणि वर उकळलेली चहापत्ती चोळायची.
पहिला मासा तसा काढला.
त्याला वाससुद्धा होता.

पुढे तुमच्या कोपनहेगनात आले शिकायला.
फ्रू लिंडहार्टनी पहिल्या दिवशी
प्रत्येकापुढे एकेक बटाटा ठेवला.
बघा, म्हणाल्या. नुसतं बघा.
पेन्सिली कपाटात, कपाटाला कुलूप.
तिसऱ्या आठवड्यात माझ्या बटाट्याला कोंब फुटला,
तेव्हा किल्ली मिळाली.
शेजारच्या पोराने त्याचा बटाटा उकडून खाल्ला होता.
तो आता बँकेत आहे.

तर, वारा.
आधी रेघा काढल्या, गोल गोल, सगळे काढतात तशा.
न्हाव्याच्या दुकानातली जमीन झाली.
मग म्हटलं, झाडं वाकवावीत.
पण गावात झाडं सात, चर्चच्या मागे,
चारी बाजूंनी दगडी भिंत.
ती वाकत नाहीत. वाकायला आधी वाढावं लागतं.
मग मेंढ्या. मेंढ्या बऱ्या.
वाऱ्याकडे पाठ करून उभ्या राहतात
आणि तो त्यांच्या लोकरीत भांग पाडत जातो.
त्या भांगापायी चार दिवस गेले,
खारीच्या केसांच्या कुंचल्याला टक्कल पडलं.
चित्र छान झालं.
मेंढ्यांचं.

काल दुपारी पान दहा वाळत ठेवलं होतं.
खिडकी मीच उघडी टाकलेली, दोष कुणाला देऊ?
कागद गेला.
कुंपणावरून, हानुसच्या वाफ्यांवरून,
उताराने खाली, थेट धक्क्याकडे.
हानुस एकोणऐंशीचा, एक गुडघा लोखंडी.
एका हाताने टोपी डोक्यावर दाबून,
दुसरा पुढे ताणून धावत सुटला,
अंगातला कोट त्याच्याही आधी धावतोय.
आणि मी? मदतीला जायचं सोडून
दारात उभी राहून त्याचं कोपर बघत होते.
नुसतं बघत होते.
पाण्यापासून दोन हातांवर
त्याने कागदावर पाय दिला.

रात्री हात आपोआप चालला असं मी म्हणणार नाही.
तेवीस कागद फाडले. कोपर चुकत होतं.
चोविसाव्याला जोर सोडला
आणि त्या कोपरालाच विचारलं,
बाबा रे, कुठे वळू?

सोबत पाठवतेय.
एक म्हातारा, एक टोपी, बाकी सगळं कोरं.
तो ज्याच्यामागे धावतोय ते चौकटीबाहेर गेलंय,
शोधू नका.
हानुसला दाखवलं. बराच वेळ बघून म्हणाला,
'हा कोण वेडा?
आणि बुटाची नाडी का सुटलीय त्याची?'
नाडी तशीच राहू द्या.
पान दहाच्या कोपऱ्यात बुटाचा ठसा आहे,
तोही छापा. त्याचे वेगळे पैसे नकोत.

पान बारावर एइदुन लिहितो,
'आणि मग सगळं शांत झालं.'
तुमच्या गल्लीत राहून लिहायला सोपं आहे.
त्याला म्हणावं, इथे येऊन दाखव.
तोवर मला तीन आठवडे द्या.

तुमची,
सुन्निवा