प्रश्न एकोणिसावा

सोहारचा कॅम्प, खोली बावीस.
आठ खाटा, दोरीवर निळे डगले,
कूलरच्या आवाजावर आवाज चढवत
मी प्रश्नावली वाचते.

इस्माईल हमदुले, दाभोळ खाडीपल्याडचा.
परांच्या बांधतो. अकरा वर्षं.
'स्वतःला कुठल्या वर्गातले समजता?'
'चौथी पास,' तो म्हणाला.
तसंच लिहिलं.

एकोणिसावा नैतिकतेचा:
घरच्यांशी खोटं बोलणं
योग्य, अयोग्य, सांगता येत नाही?

त्याने खाटेखालची पेटी ओढली.
आत एक पांढरा शर्ट, कडक इस्त्रीचा.
'हा खोलीचा. व्हिडिओ कॉलला
ज्याची पाळी, तो घालतो.
शिरसाटच्या आईला वाटतं, पोरगा हापिसात बसतो.'
'आणि तुमच्या घरी?'
'बायको परवा म्हणाली,
त्या शर्टाचं दुसरं बटण सैल झालंय,
कुणाला तरी सांगा लावायला.'

माझं पेन तिन्ही चौकटींवरून फिरलं.

'बाई, तुम्हाला आणलं कुणी?'
'कंपनीच्या गाडीने.'
'तो ड्रायव्हर उन्हात उभाय कधीचा.
तो नाय तुमच्या यादीत?'

नव्हता. नमुना फक्त खोल्यांमधला,
हे मीच ठरवलेलं, मस्कतच्या गार खोलीत,
मार्गदर्शकांनी मान डोलावली होती.

बाहेर आले. गाडी बंद,
पेट्रोलचा हिशेब द्यावा लागतो म्हणून.
तीन दिवसांत पहिल्यांदा त्याचं नाव विचारलं.
तो दचकला, हात पुसले,
'काही चुकलं का, मॅडम?'
आणि घाईघाईने एसी लावला.