पाळत

सार्जंट केलेहरने फळ्यावर तीन शब्द लिहिले:
बघा. नोंदवा. कळवा.
चौथा लिहून त्यावर काट मारली: पाठलाग.
ग्रंथालयाच्या तळघरात आम्ही आठजण,
कागदी पेल्यांत कॉफी, मांडीवर नव्या पिवळ्या जाकिटांच्या घड्या,
आणि टॉइवोचा नेहमीचा प्रश्न:
"तो माझ्या अंगणात असेल तर? पायरीवर असेल तर? दाराच्या आत?"
केलेहर दमला होता. म्हणाला,
"आत असेल तर जीव वाचवा.
बाहेर असेल तर तुमचा जीव वाचलेलाच आहे."
मी ते वहीत उतरवून घेतलं. अक्षर माझं चांगलं आहे.

वही स्वयंपाकघरात होती
जानेवारीतल्या त्या रात्री, पावणेतीनला,
खिडकीतून माणूस दिसला तेव्हा.
उंच. छातीशी काहीतरी धरलेलं.
एकेका घरापुढे थांबत होता, वाकत होता, पुढे जात होता.
('उंच' मी नंतर लिहिलं.
आधी त्याचा रंग लिहिला होता.)

उचलायचा होता फोन. उचलला रेनोचा ओव्हरकोट.
नवरा जाऊन चार वर्षं झाली,
उजवा खिसा अजून त्याच्या पिस्तुलाने ओघळलेला.

डुलुथमध्ये बर्फ नुकताच थांबला होता.
सरोवराकडचा वाराही दबकून.
तो पुढे, मी मागे:
मेपलच्या आड, टपालपेटीच्या आड,
निस्कानेनांच्या गाडीआड, बसून, तोंडावर हात धरून,
श्वासाची वाफ दिसू नये म्हणून.
एकाहत्तर वर्षांची बाई, पायांत घरातल्या सपाता.
आणि काय सांगू, मजा येत होती.
हे कोणाला बोलले नाही.
कितीतरी वर्षांत रक्त असं धावलं नव्हतं.

चौथ्या चौकात तो थांबला,
हातातलं टॉवेलचं गाठोडं बर्फावर ठेवलं
आणि वळला, दिव्याखाली,
दोन्ही पंजे पसरून, खांद्यांपर्यंत,
सवयीने, जसं कोणी छत्री उघडतं.
माझं बोट खिशात कुठे होतं
ते मला माहीत आहे.

"मॅडम, माझं नाव अँटवन," तो मोठ्याने म्हणाला. "अँटवन."
मी विचारलं नव्हतं.
मग त्याची नजर माझ्या सपातांवर गेली
आणि आवाज एकदम खाली आला:
"तुम्ही हरवलात का? घर आठवतंय?"

मी हो म्हटलं.

दुसरं काय म्हणणार होते?

"तुम्ही त्या बाजूने चला," तो म्हणाला,
"मी पलीकडून येतो. दिव्यादिव्यानं."
मध्ये अख्खा रस्ता ठेवून
त्याने मला पोचवलं.
प्रत्येक घरापुढे थांबून, वाकून,
"हे का? नंबर दिसत नाही, बर्फ साचलाय."
दोन घरांना मी उगाच नाही म्हटलं.
गाठोड्यात काय होतं, ते विचारायचं राहिलं.
तो कोणाचं घर शोधत होता, तेही.

सकाळी टॉइवो धापा टाकत आला.
"ठसे पाहिलेस? दोघं होते!
एक सरळ रस्त्याने गेलाय, त्याचं काही नाही.
पण दुसरा! झाडाआड, गाडीआड, एके ठिकाणी चक्क बसलाय.
पाय लहान. पोरगा असणार.
खरा चोर तोच. लिही."
मी लिहिलं. वेळ, दिशा, पायाचं माप.
रेडिएटरवर सपाता वाळत होत्या,
त्याचं तिकडे लक्ष गेलं नाही.

तो गेल्यावर फावडं घेऊन
दारावरच्या नंबरावरचा बर्फ काढला.
सहा. एक. चार.

कोट अजून खुंटीला लावलेला नाही.
खुर्चीच्या पाठीवर आहे,
एका बाजूला झुकून,
कोणीतरी बसून ऐकत असल्यासारखा.