अकरा पौंड चाळीस पेन्स

फॉरफरच्या कोर्टात न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला,
विचारलं, एकेचाळीस वेळा?
स्ट्रुअन रेनी म्हणाला, मोजल्या नाहीत.

मी मोजल्या होत्या.
वहीत, तारखेसकट:
कॉफीच्या बरण्या, दाढीच्या पात्यांची पाकिटं,
आणि तो उशीएवढा चीजचा ठोकळा,
कोटाखाली असा सांभाळून नेलेला
की दारातल्या म्हातारीनं त्याला वाट दिली,
दिवस भरलेल्या बाईला द्यावी तशी.

चीजचं काही नाही.
त्यानं ते चाखलंही नसेल.
मागच्या गल्लीत अर्ध्या किमतीला गेलं,
आणि ती अर्धी किंमत गेली
कोपराच्या आतल्या बाजूला,
जिथली कातडी इतकी मऊ असते
की बाळाच्या अंघोळीचं पाणी तिनं तपासतात.

मला लागलं ते वेगळंच.
गल्ल्याशेजारी एक होडी होती, पत्र्याची,
निळी-केशरी, पाठीवर खाच.
वादळात जाणाऱ्या बचावबोटीसाठी
लोक उरलेली चिल्लर टाकायचे तिच्यात.
माझा ॲलस्टर त्या बोटीतून एकदा परत आला होता.
दुसऱ्यांदा बोट नुसतीच आली.

कोर्टाच्या कागदावर होडी: अकरा पौंड चाळीस पेन्स.
वकीलबाई म्हणाल्या, आणखी काही लिहायचंय?
मी म्हटलं, नको. आकडा बरोबर आहे.

तुरुंग नाही. अठरा महिने उपचार.
मंगळवारी बाटलीत लघवी,
रोज सकाळी औषधवाल्यासमोर
हिरवं औषध गिळायचं, मग जीभ काढून दाखवायची.
चुकला तर आत.
बाई म्हणाल्या, चारदा आत धाडलं तुला,
चारही वेळा जास्त सराईत होऊन आलास.
मागच्या बाकावर त्याची आई
छत्रीची कळ दाबत बसलेली,
छत्री काही उघडत नव्हती.

माफी माझ्याकडे कुणी मागितली नाही.
ती परस्पर दिली गेली,
खर्च माझ्या खात्यावर टाकून.

आर्ब्रोथला परतले तर स्पिंक
धुरीच्या हॅडकांमधून डोकं काढून म्हणाला,
कोर्ट आहे की पाळणाघर?
मी हसले. मलाही तेच म्हणायचं होतं.

पण रात्री ती जुनी वही उघडली,
ॲलस्टर गेल्यानंतरच्या हिवाळ्याची.
माझंच अक्षर:
शेरी, एक बाटली, फुटली.
शेरी, दोन बाटल्या, फुटल्या.
पानंच्या पानं. इतकी काच
आमच्या फरशीवर कधी सांडली नव्हती.
दुकान माझं होतं,
म्हणून ती चोरी नव्हती.
एवढाच फरक आहे असं मी म्हणत नाही.
एवढा फरक आहे, एवढंच.

औषधाचं दुकान माझ्या समोरच.
नऊ दहाला तो येतो, काचेपलीकडे जीभ काढतो,
जातो. माझ्याकडे बघत नाही.
मीही बघत नाही, म्हणजे
बघत नसल्यासारखी बघते.

नवी होडी आणली आहे, प्लास्टिकची.
साखळीनं गल्ल्याला बांधली आहे.
ती साखळी मी काढणार नाही.

आज नऊ पंचवीस झाले.
समोर दार उघडतं, कुणीतरी दुसरंच.
गिऱ्हाईक म्हणतंय, बाई, सुटे जास्त दिलेत.
मी परत मोजते.
परत चुकते.