उचल

पावणेपाच.
रामबागेत अजून कुत्रीसुद्धा उठलेली नाहीत.
डब्यातला चमचा भुकटीत बुडून बसलेला;
दोन बोटं घालून उपसते त्याला,
मनगटापर्यंत केशरी होते.
डब्यावर लिहिलंय : संत्रा.
नागपूरच्या पोरीला संत्र्याची चव शिकवणारा हा कोण?
लिंबूफूल
आणि लहानपणीच्या तापाचं औषध
यांच्या मधलं काहीतरी.
नाक दाबून, एका दमात.

विसाव्या मिनिटाला कानाच्या पाळ्यांना मुंग्या.
मग गाल. मग तळहात.
सेलोकर सर म्हणाले होते,
"मुंग्या आल्या का समज, माल असली हाय."
त्या मुंग्यांच्या भरवशावर
मी रेशीमबागेच्या मैदानात उतरते.
धुकं, आणि भरतीच्या पोरी :
केसांना दोन-दोन रबरं, पायात भावाचे बूट.

आठशे मीटर.
पहिल्या फेरीत मी कोणाचीच नसते.
दुसरीत सुलक्षणा बारापात्रे मागे पडते,
सुलक्षणा, जी नुसते भिजवलेले चणे खाऊन येते
आणि हरली तरी तोंड पुसत हसते.
तीन मिनिटं दोन सेकंद.
सर घड्याळ असं दाखवतात
जणू तेच धावून आले.

यानंतरचं कोणी सांगत नाही.
दुपारी टायपिंगच्या क्लासात
एक अक्षर मारावं तर तीन उमटतात.
संध्याकाळी डोकं रिकाम्या पिंपासारखं,
म्हणून चौकातली कॉफी, दहाची, कागदी कपात,
आणि रात्री
पाठीवर पडून मी अजनीचं यार्ड ऐकते.
डब्याला डबा लागतो, ठण्ण.
इंजिन मागे जातं. परत येतं.
माझ्या छातीत कोणीतरी मालगाडी जोडतंय
आणि कुठं पाठवायची ते त्याचं ठरत नाही.

आई मेडिकलमध्ये आया.
त्या दिवशी रजा होती, तरी एक वाजता जागीच.
"काऊन वं, झोप नाई येत?"
मी नुसता हात पुढे केला.
तिनं मनगट धरलं, परक्याचं धरतात तसं,
दुसऱ्या हातात मोबाइलचं घड्याळ.
पंधरा सेकंद. ओठ हलत होते.
मग चारनं गुणलं.
आई चौथी शिकलेली; हा गुणाकार तिला वॉर्डानं शिकवला.
"एकशेबारा," ती म्हणाली,
"आन् तू त निजून हाईस."

मला वाटलं, गेला आता डबा मोरीत.
ती उठून बसली. पदर कानावरून घेतला.
"मी बी घेतो न.
रातच्या दोनले, थर्मासातला, काळा.
कोणाचं पोट दुखते, कोणाची सलाईन संपते,
झोपून कसं चालंन?
एकवीस वर्सं झाली.
पण ते ताकद नसते, पोरी. उचल असते.
ठेकेदार कसा, देतानी हासते.
कापते मंग."

उचल.
जिममध्ये आम्हीही हाच शब्द ओरडतो,
उचल, उचल, अजून एक उचल,
लोखंडासाठी.

डबा फेकला नाही. अठराशेचा आहे,
आणि त्यातले सातशे सुलक्षणाचे अजून द्यायचेत.
चमचा अर्धा झाला, मग सोमवार-गुरुवार,
मग आठवेल त्या दिवशी.
वेळ तीन-नऊवर गेली.
सर माझ्या नावापुढं आता खूण करत नाहीत.

परवा मैदानावरून येताना
मेडिकल चौकात आई भेटली, ड्यूटी सुटून येणारी.
दोघींचे डोळे सारखेच लाल.
हातगाडीवर मृगाची संत्री, सालीवर काळे ठिपके.
तिनं घासाघीस करून दोन घेतली,
दुभाजकाच्या कट्ट्यावर बसून सोलली.
पहिलीच फोड इतकी आंबट
की दोघींचा एकदम एक-एक डोळा मिटला.

बिया मुठीत घेऊन घरी निघालो.
रस्ता ओलांडताना तिनं माझं मनगट धरलं,
पलीकडे गेल्यावरही सोडलं नाही.
मोजत होती का,
मी विचारलं नाही.