खूण

चेंडू आत होता.
हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना
तुम्ही त्याची वाट बघत बसणार नाही.

अंतल्या, फेब्रुवारी. हॉटेलं अर्ध्या भाड्यात,
पोहायचा तलाव कोरडा, त्यात वाऱ्याने लोटलेली संत्री.
बारा नंबरच्या कोर्टावर आम्ही दोघी.
मी एकोणतीस, मारिबोरची, गुडघ्याला निळी पट्टी.
ती सतरा. तेकले. कुताइसीची.
पात्रता फेरी. इथे पंच नसतो,
आपल्या बाजूचा चेंडू आत की बाहेर
ते आपणच सांगायचं, आपल्याच तोंडाने.

कुंपणापलीकडे तिचा बाप,
दीड दिवस बसमधून आलेला, नखांत गॅरेजचं काळं.
पंधरा, तीस, आणि मग चाळीसच का,
हे त्याने मलाच विचारलं होतं
नाश्त्याच्या रांगेत, बोटांवर.
मला तरी कुठे माहीत होतं!

तिच्या दोन रॅकेटी. एकीची तार सकाळीच तुटलेली.
तार बसवायची तर रात्रीचं जेवण सोडायचं,
हा पाढा मी बारा वर्षं म्हटलाय,
त्यामुळे उरलेली रॅकेट ती
कशी जरा हात आखडून फिरवतेय
ते मला पलीकडून दिसत होतं.
मी त्याचा फायदा घेतला. घेणारच.

शेवटी नऊ-आठ. तिला एक गुण हवा.
मी बॅकहँड मारला, सरळ, रेषेलगत.
असे आयुष्यात सात-आठच जमले असतील.
"आउट," ती म्हणाली. आवाज इतका बारीक
की तिलाही नीट ऐकू आला नसावा.

मातीवर खूण होती:
लांबट, ओलसर, पांढऱ्या रेषेचा काठ कुरतडून गेलेली.
मी नेटपर्यंत चालत गेले असते,
बोट दाखवलं असतं, सुपरवायझरला हाक मारली असती.
पण बाप उठून उभा राहिला होता.
त्याला वाटलं, संपलं.
त्याने टोपी काढली.

औदार्य वगैरे म्हणू नका.
एक दिवस आधीचं विमान स्वस्त मिळत होतं.
गुडघा ठणकत होता.
आणि हो, टोपी. तीही.

रात्री कपडे धुवायच्या खोलीत ती आली,
हातात मोजे. मशीनमध्ये माझं नाणं अडकलेलं.
तिने खिशातून अक्रोडांची माळ काढली,
द्राक्षाच्या रसात बुडवून सुकवलेली,
दातांनी तोडून अर्धी माझ्यापुढे धरली.
मशीनकडे बघत आम्ही चावत राहिलो.
दोरा मी खिशात ठेवला. का, कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी मुख्य ड्रॉमध्ये ती हरली.
सहा-एक, सहा-शून्य.
बसथांब्यावरून बारा नंबरचं कोर्ट दिसतं.
सगळे गेलेले. ती चटई ओढत
माती सारखी करत होती, नियमाप्रमाणे,
मग ब्रश घेऊन रेषा.
ती एक रेषा झाडून झाली.
बस आली तेव्हा
पुन्हा तीच झाडत होती.