सतराव्या सेकंदाला

ड्युटीरूमचा पंखा एकाच बाजूला वारा देतो
आणि त्या बाजूला बिराजदारचा पलंग आहे.
मी फरशीवर. पायाच्या अंगठ्याला
टॉवेलचा उसवलेला दोरा अडकवलेला
(टॉवेल इथलाच, धुऊन धुऊन टक्कल पडलेला),
मोबाईल शेंगाचटणीच्या डब्याला टेकवून.

पडद्यावर फक्त दोन हात.
चेहरा नाही, गाव नाही, बोलणं नाही,
मागं कसलंसं पियानोचं टिंगटिंग.
मोज्याआतून कळतं, डाव्या तर्जनीचं पेर जरा वाकडं आहे.
एवढीच ओळख.
सात महिने झाले, मी त्या पेराची शिष्य आहे.

पुस्तकात गाठीची चार चित्रं होती, बाणांसकट.
कुठला बाण कुठल्या बोटाचा, ते बाणालाच ठाऊक.
मुजावर सर बांधतात तेव्हा
माझ्या हातात रिट्रॅक्टर असतो
आणि मधे दोन सीनियरची डोकी.
म्हणून हे हात.
मागे घेता येतात, थांबवता येतात,
पहाटे तीनला विचारलं तरी वैतागत नाहीत.

परवा रात्री मोहोळचा एक पोरगा आला,
पोट फळीसारखं.
सर म्हणाले, "अपेंडिक्स आज तू काढ, बोल्ली."

पहिली गाठ बसली.
दुसरी सरकली.
खड्डा भरत आला, लाल, न बोलता.
मी आतल्या आत व्हिडिओ मागे ओढला.
पंधरा. सोळा.
सतराव्या सेकंदाला चित्र जराशी उडी मारतं,
पियानो न तुटता.
शंभरदा पाहिलेली उडी.
तिथं काय होतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

"कुठं बघायलीस? हितं बघ.
मॉप ठेव. दाब.
आता घड्याळ बघ, पाच मिनिटं. उचलायचं नाही."

पाच मिनिटं किती लांब असतात
हे कुठल्याच रीलमध्ये मावलं नसतं.
भूलवाल्या मॅडमनी चष्मा पुसला.
कोळी सिस्टरांनी मॉप मोजले, पुन्हा मोजले.
एसी बादलीत गळत होता.
सर त्यांच्या बोअरबद्दल सांगू लागले,
तीनशे फुटांवर नुसता धुरळा.
माझ्या हाताखाली पोरगा
गरम, उडत होता.

मॉप उचलला.
बाजरीच्या दाण्याएवढं तोंड.
चिमटा. दोरा.
बांधली. सावकाश.
माझं पेर वाकडं नाही,
त्यामुळं थोडी वेगळी बसली.

सकाळी नीलमनगरला घरी गेले.
आई उंबऱ्याशी, मांडीवर सूप:
पान, तंबाखू, वळ, मुडप, दोन वेढे, तट्.
शाळेत होते तेव्हा मी चिडायचे या वासावर,
दप्तरालाही तोच.
इतकी वर्षं समोर होतं हे.
एक हात, दोरा, आणि न बघता बसणारी गाठ.

मी मोबाईल सुपाच्या कडेला टेकवला.
"आगु," म्हणाली, आणि उठून मोरीत गेली.
कोपरापर्यंत हात धुतले,
मी धुते तसे, बोटांच्या बेचक्यांतून,
मला कधी पाहिलं होतं कोण जाणे.
नखांतलं काळं तसंच राहिलं.

चौथं पान चिरलं.
"अदि तीसेय्," म्हणाली, ते काढून टाक.
नाही काढलं.
चिरलेलं पान, तिचा उसासा,
दोरा दातानं तोडणं,
नवं पान शोधताना गेलेला वेळ,
मागून जाणारा भंगारवाला,
सगळं ठेवून
ज्युनियर पोरांना पाठवलं.

आज राउंडला जाताना
नवा इंटर्न जिन्यात गाठून विचारतो,
"मॅडम, तो दोरा कुठला? सिल्क की विक्रिल?"