देठ

किनवटच्या दवाखान्यात, रात्री पावणेतीनला,
खैरुन्निसा सिस्टर कात्री हातात घेऊन
नुसती थांबली.
"कामून थांबल्या बाई?" पंचफुलाच्या सासूनं विचारलं.
"अजून उडतीये,"
आणि म्हातारीचं बोट धरून नाळेवर ठेवलं.

निळसर, पिळाची, ओल्या सुंभासारखी.
आत कुणीतरी शेवटची शिदोरी पोचवत होतं.
मग ठोका विरळ झाला,
नाळ पांढरी पडली.
चिमटा. कात्री.
दोघींपैकी कुणीच कळवळलं नाही.

वार गेली पिवळ्या पिशवीत, नियमाप्रमाणे.
म्हातारी रुसली : पुरायचं काय मग आमी?

सातव्या दिवशी न्हाणीत
मिरचीच्या देठाएवढं काहीतरी परातीत पडलं.
तिनं ते तंबाखूच्या डबीत ठेवलं,
चुना नीट पुसून.

तंबाखू आता पदराच्या गाठीत असते.